फंडाला मुदत नसते

मलकामावशीला रोख्यांच्या फंडात पैसे टाकायला मीच लावलं. तिने मला गळ घातली नव्हती, मीच तिला घातली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या दिमोनातली माणसं अजून म्हणतात की शमूचा बिचाऱ्याचा काय दोष, बँकच तसली. बँक तसली होती हे खरं आहे. पण त्या बँकेतर्फे मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलेला माणूस मी होतो, आणि तिच्या हातचं बिरडं ओरपून फॉर्म पुढे सरकवणारा हातही माझाच होता.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. मुंबईला भायखळ्यात आम्ही शेजारी, दोन्ही घरं कोकणातल्या यहुद्यांची. इस्राएलला आल्यावर सरकारने दोन्ही बिऱ्हाडांना वाळवंटातल्या दिमोना गावात, एकाच इमारतीत, वर-खाली घरं दिली. तिचे यजमान नेहेमिया नागावकर कापडाच्या गिरणीत फिटर होते. मुलगा एकच, बिन्यामिन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

त्र्याहत्तरच्या लढाईतून बिन्यामिन परत आला. हातपाय शाबूत होते, म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण तो बोलायचा जवळजवळ बंदच झाला. दिवसभर खिडकीशी बसून राही. आणि टपालाचं तपकिरी पाकीट दिसलं की थरथरायला लागे, कारण सैन्याचं बोलावणं तसल्याच पाकिटातून येतं. ते पाकीट विजेच्या कंपनीचं आहे की नगरपालिकेचं, हे बघायला तो थांबतच नसे. सरकारकडून त्याला मदत मिळाली असती, पण त्यासाठी फॉर्म भरायचे होते, कमिटीपुढे बसायचं होतं. तो फॉर्मला हात लावत नव्हता, आणि मावशीला त्याला ओढत न्यायचं धाडस होत नव्हतं.

त्यानंतर चार महिन्यांनी नेहेमियाकाका गिरणीत मशीनपाशीच कोसळले. सुतकाचे सात दिवस उलटले, आणि गिरणीने मावशीला काकांच्या बारा वर्षांच्या नोकरीचे अठरा हजार लिरा दिले.

तिला त्या पैशांतून एकच गोष्ट हवी होती. राहतं घर भाड्याचं होतं, घरं बांधणाऱ्या सरकारी कंपनीचं, आणि करारावर आता तिचं नाव होतं. ती गेली की करार संपणार. "माझ्यामागं माझ्या बिन्याला हितून कुणी उठवता नये," ती म्हणाली. नवं घर नको, मोठं घर नको, हेच दोन खोल्यांचं घर विकत घ्यायचं आणि बिन्यामिनच्या नावावर करायचं. तसं झालं तर आमच्या पैगंबराच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करीन, असा नवसही ती बोलली होती. गूळ-खोबरं घातलेले पोहे, पाच फळं, साऱ्या इमारतीला पुरतील इतके.

घराची किंमत तिच्याजवळच्या पैशांच्या दुपटीहून थोडी जास्त होती. काकांचा भाऊ येहेझकेल म्हणाला, सोनं घे. आमच्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. मी चोवीस वर्षांचा होतो, बँकेच्या दिमोनातल्या शाखेत दोन वर्षं काढली होती, तीन महिन्यांचा कोर्स केला होता, आणि येहेझकेलकाकांसारख्या माणसांकडे बघून मला हसू यायचं. मी म्हणालो, सोनं कपाटात झोपून राहतं, चोर नेतात. तू रोख्यांच्या फंडात टाक.

खरी गोष्ट अशी की आमचे मॅनेजर, मेईर, यांनी प्रत्येकाला पेसाहच्या सणाआधी फंडाची दहा नवी गिऱ्हाइकं आणायला सांगितलं होतं. माझी नऊ झाली होती.

याचा अर्थ मी तिला फसवलं असा नाही. फंड चांगला होता. मी तिला तो नीट समजावूनही सांगितला, आणि माझ्या सगळ्या नोकरीत इतकं चांगलं मी कोणालाच समजावलं नसेल. हिब्रूत मी ते पाठ केल्यासारखं बोलायचो, मराठीत मला विचार करावा लागला. मी म्हणालो, सरकारला पैसे लागतात, ते लोकांकडून उसने घेतं आणि कागद लिहून देतं. तो रोखा. एकट्याने एक-दोन रोखे घेऊन बसण्यापेक्षा हजार माणसांनी पैसे एकत्र करायचे आणि पुष्कळ तऱ्हेचे रोखे घ्यायचे. तो फंड. सगळ्या घरांचा तांदूळ एका कणगीत, आणि ज्याच्या जितक्या पायल्या त्याला तितक्यांची चिठ्ठी. वर हे रोखे महागाईच्या आकड्याला बांधलेले आहेत. दर महिन्याच्या पंधरा तारखेला रेडिओवर 'मदाद' सांगतात ना, भाव किती चढले त्याचा आकडा, तो चढला की तुझे पैसेही चढले.

मदाद तिला ठाऊक होता. या देशात पोरासोरांनाही ठाऊक असतो.

तिने एकच प्रश्न विचारला. मुंबईला काकांनी पोस्टाची सर्टिफिकिटं घेतली होती, बारा वर्षांची. ती ट्रंकेत तळाशी ठेवायची आणि तारीख आली की पोस्टात जाऊन पैसे आणायचे. म्हणून तिने विचारलं, याची मुदत कधी भरणार?

"फंडाला मुदत नसते, मावशी," मी म्हणालो. "तो चालूच राहतो. तू फक्त हात लावू नकोस."

हे वाक्य मला कोर्समध्ये शिकवलं होतं. नवखा माणूस भाव जरा खाली गेला की घाबरतो, पैसे काढतो आणि बुडतो, म्हणून त्याला सांगायचं की हात लावू नका. वाक्य चुकीचं नाही. आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगेन, पण त्याच्यापुढे आणखी एक वाक्य जोडीन. मावशीला सांगताना ते जोडलं नाही.

सही करायला तिने हात धुतले. प्रार्थनेच्या पुस्तकात असतात तशी टपोरी चौकोनी अक्षरं एकेक काढत तिने हिब्रूत स्वतःचं नाव लिहिलं. मग फॉर्म उचलून ओठांना लावला, डोळ्यांना लावला आणि माझ्या हातात दिला. मला हसू आलं. तिच्या डोक्यावर, दाराच्या मागच्या खिळ्याला, एक मांजरपाटाची पिशवी लटकत होती. ती मी बघितली. ती मी लहानपणापासून बघत आलो होतो.

त्या पिशवीबद्दल सांगायला हवं. मावशी रेवदंड्याजवळच्या एका खेड्यात वाढली. सबंध गावात आमच्या लोकांची तीन घरं, आणि हिब्रू अक्षरं असलेला कागद म्हणजे तिच्या वडिलांजवळचं प्रार्थनेचं एक पुस्तक. दुसरा तसा कागद तिने लग्न होईस्तोवर पाहिला नव्हता. त्याचं पान सुटून खाली पडलं तर उचलून मुका घ्यायचा. फाटलं तर फेकायचं नाही, जाळायचं नाही, पिशवीत साठवायचं. पिशवी भरली की ती मशिदीत द्यायची, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, त्याला आम्ही कोकणापासून मशीदच म्हणतो. तिथले लोक ते जीर्ण कागद माणसासारखे कबरस्तानात पुरत. पवित्र अक्षरांची हीच रीत आहे, सगळ्या यहुदी लोकांत आहे.

अशी बाई इस्राएलला आली, आणि बघते तो काय, बसच्या तिकिटावर हिब्रू, साबणाच्या वडीवर हिब्रू, मासळी बांधून देतात त्या कागदावर हिब्रू. पहिल्या वर्षी तिने सगळं गोळा केलं. आम्ही पोरं तिची फार टिंगल करायचो, गोळीचे कागद मुद्दाम तिच्या दारात टाकायचो. हळूहळू तिने वर्तमानपत्र सोडलं, वेष्टनं सोडली. पण पाकिटात घालून, वर नाव लिहून आलेलं पत्र तिला टाकवेना. ज्या पत्राखाली पैसे भरायची चिठ्ठी जोडलेली असे ते ती बरोबर ओळखायची आणि पोस्टात जाऊन भरायची. पैसे मागणारं पत्र तिला समजत होतं. पैसे देणारं कधी आलंच नव्हतं. बाकीच्या पत्रांवर कोपऱ्यात शेवात, अदार, निसान असे आमच्या पंचांगातले महिने छापलेले दिसत, आणि तेवढे शब्द तिला वाचता येत. बाकी मजकुराला प्रार्थनेच्या पुस्तकातल्यासारख्या स्वरांच्या मात्रा नव्हत्या, तो तिच्या कामाचा नव्हता. मग मुका घ्यायचा आणि पिशवीत. लढाईनंतर तर आणखी घाईने, बिन्यामिनच्या नजरेला पडायच्या आत.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मला दोष नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

पहिली चार वर्षं मजेत गेली. पंधरा तारखेला रेडिओने मदाद सांगितला की ती जिन्यातून हाक मारायची, वाढला का रे? मी म्हणायचो, वाढला. त्या काळात महागाई वाढली म्हणून खूश होणारी दिमोनात ती एकटीच बाई असेल. लोक रांगेत उभे राहून भावांना शिव्या द्यायचे आणि ही मनातल्या मनात भिंतींना रंग देत असायची. हिशोब अठ्ठ्याहत्तर साली असा झाला की फंडातले पैसे आणि तिच्या शिवणकामाची शिल्लक मिळून घराच्या किमतीला थोडेच कमी पडत होते. येहेझकेलकाका म्हणाले, माझ्याकडून घे आणि घर करून टाक. तिने मला विचारलं. मी म्हणालो, कशाला कोणाचे उपकार, दोन वर्षं थांब, आपोआप होईल. दिराकडून उसनं घ्यायचं तिच्याही जिवावर आलं होतं. ती थांबली.

त्याच वर्षी माझी तेल अविवला बदली झाली. तिथे सारितशी माझं लग्न झालं. तिच्या घरचे लोक बगदादहून आलेले, मराठीचा गंध नाही. मुली झाल्या, त्या मला हिब्रूत उत्तरं द्यायच्या. आईवडील माझ्याजवळ राहायला आले, आणि दिमोनाला जायचं कारण उरलं नाही. वर्षाकाठी एकदा जात असे, पेसाहच्या सुमाराला. मावशी मला पोटभर वाढायची आणि फंडाचं विचारायची. मी म्हणायचो, चाललाय छान. मी बघितलेलं नसायचं. असले फंड छान चालले होते हे मला ठाऊक होतं, म्हणून तोही छान चालला असणार.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती एकटी बसने तेल अविवला माझ्या बँकेत आली. हातात हलव्याचा डबा, अंगावर सणाची साडी. पंख्याखाली बसून घाम पुसला आणि सांगितलं की पोटात गाठ आहे, बीरशेबाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, वर्ष निघेल न निघेल. म्हणून आता पैसे काढायचे आणि घर करून टाकायचं. हे सगळं तिने असं सांगितलं की गाठ हे निमित्त आणि घर हे मुख्य काम.

मी दिमोनाच्या शाखेला फोन लावला. फोनवर कोणी हेदवा नावाची मुलगी होती, नवीन लागलेली. तिने नाव शोधलं आणि म्हणाली, या बाईंच्या नावावर फंड नाही. मी म्हणालो, नीट बघ. तिने नीट बघितलं. एकोणऐंशी साली तो फंड बंद करून दुसऱ्यात मिसळला होता. गिऱ्हाइकांना तीन पत्रं गेली होती की नव्या फंडात जायचं असेल तर खालच्या चिठ्ठीवर सही करून तीन महिन्यांत पाठवा, नाहीतर पैसे तुमच्या साध्या खात्यात जमा होतील. बाईंची चिठ्ठी आली नाही. पैसे साध्या खात्यात जमा झाले, ऐंशी हजार लिरा. तेव्हापासून तिथेच आहेत.

साध्या खात्याला मदाद बांधलेला नसतो. दुसऱ्या वर्षी सरकारने लिरा बंद करून शेकेल आणला, दहा लिऱ्यांचा एक. ते आठ हजार शेकेल झाले. आणि मग भाव दरवर्षी दुप्पट, तिप्पट, मग विचारूच नका असे चढत गेले. दुकानदार वस्तूंवर किमती लिहायचे बंद झाले होते, कारण लिहून होईस्तोवर त्या बदलत. मी बँकेचा माणूस, मला कागद-पेन्सिल लागली नाही. ज्या पैशांत जवळपास घर आलं असतं त्यांत आता बऱ्यापैकी बुटांचा एक जोड आला असता.

मी फोन खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला बाहेर कॅफेत नेलं, लिंबाचं सरबत मागवलं आणि सगळं सांगितलं. कणगीची गोष्ट परत काढावी लागली. म्हणालो, ती कणगी मोडली, तुझा तांदूळ तुझ्या अंगणात आणून ओतला आणि पाच वर्षं पाखरांनी खाल्ला. तिने सरबताला हात लावला नाही. मला वाटलं समजलं नसेल, म्हणून मी पुन्हा सुरुवात केली, तर तिने हाताने थांबवलं.

"तू बोललास हात नको लावू," ती म्हणाली. "मी नाय लावला, शमू."

त्या वेळी तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. माझ्या बापाचं नाव काढायला हवं होतं. मी चाळीस वेळा सुचवून पाहिलं की चूक माझी आहे, पण ती ते घ्यायलाच तयार नव्हती. मी तिच्यासाठी नेहमी शिकलेला मुलगा होतो, आणि शिकलेल्या मुलाची चूक कशी काढायची हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच विचारायचं होतं की ती तीन पत्रं दाखवली तर बँक ऐकेल का. मी म्हणालो, पत्रं आहेत तुझ्याजवळ? ती म्हणाली, सगळी जपलीत, एक टाकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दिमोनाला गेलो. पिशवी रिकामीच होती, नुकतीच धुतलेली. आम्ही मशिदीत गेलो. तिथला सगळा कारभार बघणारा बारूख म्हातारा झाला होता, पण आठवण पक्की. तो म्हणाला, मलकाबाईंच्या पिशव्या दरवर्षी येतात, सगळ्यांत जास्त त्यांच्याच. दोन-तीन वर्षांनी एकदा कबरस्तानात खड्डा खणून सगळं पुरतो. ऐंशी साली पुरलं, त्र्याऐंशी साली पुरलं. जागा दाखवतो म्हणाला.

आम्ही गेलो. वाळवंटातलं कबरस्तान, झाड नाही, फक्त वारा. नेहेमियाकाकांच्या रांगेच्या टोकाला, कुंपणाजवळ, दगडांनी आखलेला एक चौकोन होता. बारूखने सांगितलं की हा ऐंशीचा. मी बघत उभा राहिलो. पत्रं मिळाली असती तरी काही उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. मला फक्त ती उपयोगाची नाहीत हे तिला सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी तिला त्या उन्हात इथवर आणलं होतं. मावशी खाली वाकली आणि चौकोनाबाहेर निसटलेला एक दगड परत जागेवर बसवला. मग काकांच्या थडग्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. तिने त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

मी बँकेच्या मुख्य कचेरीला तक्रार लिहिली. उत्तर आलं की नियमाप्रमाणे तीन सूचना टपालाने पाठवल्या होत्या. येहेझकेलकाकांकडे आता द्यायला काही नव्हतं, त्यांनी स्वतःची शिल्लक बँकेच्या शेअरमध्ये घातली होती आणि ते शेअर आदल्या वर्षी कोसळले होते. सोनं घे म्हणणाऱ्या माणसाला शेअर कोणी विकले ते मी विचारलं नाही. माझ्याजवळ काय होतं? तेल अविवच्या घराचे हप्ते, दोन मुली. जेवढं द्यावंसं वाटलं तेवढं दिलं, आणि त्यात औषधं आली, घर आलं नाही. जास्त देता आलं असतं का? आलं असतं. सारितला सांगावं लागलं असतं, आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतरचे सात-आठ महिने मावशी प्रत्येक कागद मला वाचून दाखवायची, फोनवर. घरात फोन नव्हता. तिने टेलिफोनची टोकनं एका डब्यात साठवली होती, माझ्याशी बोलायला म्हणून, वर्षानुवर्षं, आणि दूरच्या फोनला टोकनं फार लागतात म्हणून ती कधी खर्चच केली नव्हती. पैशाची माती झाली तरी टोकनाला फोन तेवढाच लागत होता. तिची तेवढीच गुंतवणूक टिकली. कोपऱ्यावरच्या फोनमधून ती एकेक अक्षर जुळवत वाचायची, बिनमात्रांचं, अडखळत, चुकत. साबणाची जाहिरात. निवडणुकीतल्या एका उमेदवाराचं पत्रक. दंतवैद्याचं कार्ड. मी म्हणायचो, हे टाकून दे मावशी, आणि ती विचारायची, नक्की? टाकून देताना ती त्याचा मुका घेत असणार.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये ती गेली. मलिदा राहिला. काकांच्या शेजारी जागा मिळाली.

सात दिवस झाल्यावर मी बिन्यामिनजवळ बसलो. आता तो तिशीचा होता, केस पांढरे व्हायला लागलेले. गल्लीतल्या बेकरीत दुपारपर्यंत पाव उचलायचं काम करायचा, तेवढं जमत होतं. मी त्याला सांगितलं की घराचा करार संपला, त्यामुळे कंपनीकडून पत्र येईल. ते आलं की मला लगेच कळव, उघडू नकोस, फक्त कळव. पुढचं मी बघतो. सोपं वाक्य, अवघड काही नाही. तो खिडकीबाहेर बघत मान हलवत होता. मी टोकनांचा डबा त्याच्यासमोर ठेवला आणि माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून भिंतीला चिकटवला. या वेळी आपण ते दुसरं वाक्य जोडलं, या समाधानात मी तेल अविवची बस धरली.

महिन्याने गेलो, त्याच्या पुढच्या महिन्यातही गेलो. पत्र आलं नव्हतं. नंतर धाकटी आजारी पडली, मग बँकेत माणसं कमी केली, मग उन्हाळा. वेळ नव्हता असं नाही. त्या घरात जायचं माझ्या जिवावर यायचं. फोन आला नाही म्हणजे पत्र आलं नाही, असं मी मनाशी धरून चाललो. मावशीच्या फंडाचंही मी असंच धरून चाललो होतो.

सणांच्या आधी, एलूल महिन्यात, आमच्यात थडग्यांवर जायची पद्धत आहे. म्हणून गेलो. बिन्यामिनने दार उघडलं, मला आत घेतलं, चहा टाकला. घर स्वच्छ होतं. मी बसलो आणि सहज वर बघितलं. दारामागच्या खिळ्याला पिशवी होती, आणि ती भरलेली होती.

मी उठून ती खाली काढली आणि मांडीवर घेऊन रिकामी केली. आत जाहिराती होत्या, पत्रकं होती, आणि तळाशी चार तपकिरी पाकिटं, चारही न उघडलेली. घरांच्या कंपनीचीच. पहिलं जूनचं. त्यात लिहिलं होतं की भाडेकरू वारल्यामुळे करार संपला, घरात राहणाऱ्या मुलाला दुसरीकडे एक खोली हवी असेल तर त्याने साठ दिवसांत अर्ज करावा. दुसरं आठवण करणारं. तिसऱ्यात लिहिलं होतं की अर्ज न आल्याने खोलीचा हक्क संपला. चौथ्यात घर रिकामं करायची तारीख होती. अकरा दिवसांनंतरची.

मी ती चारही टेबलावर ओळीने मांडली. बिन्यामिन ओट्याशी पाठ करून उभा होता, तिकडे बघायला तयार नव्हता. मी विचारलं, मला का नाही कळवलंस. त्याने खांदे उचलले. मग म्हणाला की आई अशीच ठेवायची. पाकीट आलं की तो डोळे मिटून उचलायचा, मुका घ्यायचा आणि पिशवीत टाकायचा. मग दिवसभर बरं वाटायचं. आईने कधीच वाईट पत्र घरात राहू दिलं नाही, तो म्हणाला.

हिब्रू त्याला माझ्याइतकंच येतं, आणि ती चार पत्रं मी दोनदा वाचली. अर्ज करता आला असता, एका सहीचं काम होतं. आता मी उद्या कंपनीत जाईन, आरडाओरडा करीन, लढाईचं सांगेन, मंत्र्याला लिहीन. तिथे टेबलामागे माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असेल, आणि तो मला सांगेल की नियमाप्रमाणे चार सूचना टपालाने पाठवल्या होत्या. मला त्याचं उत्तर आधीच पाठ होतं.

बिन्यामिनने चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. पाकिटांना स्पर्श होणार नाही इतका लांब ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

"सैन्याचं हाय काय रे?" त्याने विचारलं. बऱ्याच वर्षांत मी त्याच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "सैन्याचं नाही."

त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. खांदे खाली आले, आणि चेहऱ्यावर मला त्याचा लढाईआधीचा चेहरा दिसला, जिन्यात क्रिकेट खेळायचा तो. "मग बरं," तो म्हणाला. रिकामी पिशवी त्याने माझ्या मांडीवरून उचलली, झटकली, आणि परत खिळ्याला अडकवली. मग माझ्यासाठी पाव कापायला घेतला.